रेंज नसलेला आठवडा

फेब्रुवारी लागला की आमच्या ऑफिसात ग्रीस सुरू होतं. खिडकीबाहेर पाऊस आहे की धुकं ते ठरत नसतं, दुपारी चारलाच टेबलावरचे दिवे लावावे लागतात, मोज्यांच्या आत पाय गार पडलेले असतात, आणि कॉफीच्या मशीनपाशी उभी असलेली शहाणीसुरती माणसं जूनमधल्या वाऱ्याबद्दल बोलत असतात. सुट्ट्यांचा तक्ता याच दिवसांत भरायचा असतो. माझी एक सहकारी तर आधी सुट्टीच्या तारखा ठरवते आणि मग त्या तारखांना कुठे जायचं ते शोधत बसते. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता तीन वर्षं झाली, मीच या दिवसांत अंग चोरून बसते, कारण याच सुमारास ते मेल येतं.

शिडाच्या बोटी भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचं मेल. आम्ही त्यांची बोट एकदाच घेतली, एका आठवड्यासाठी, पण त्यांच्या यादीत आम्ही कायमचे जाऊन बसलो. समुद्र तुमच्या कुटुंबाची वाट बघतोय, अशा अर्थाचं काहीतरी जर्मनमध्ये लिहिलेलं असतं. खाली फोटो. निळं पाणी, पांढरी बोट आणि तिच्यावर दात दाखवून हसणारी चार माणसं. मी फोटो पूर्ण उघडायच्या आत मेल पुसून टाकते.

यंदा ते मेल ज्या मंगळवारी आलं, त्याच दिवशी टपालपेटीत दवाखान्याचं पत्र होतं. हेमंतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. मार्चच्या मध्याला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे आमचं रोजचं काम आहे, काळजी करू नका. हेमंतने पत्र उभ्यानेच वाचलं, त्याला दोन भोकं पाडली, नीट फाईलला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘आईला आत्ता नको सांगायला. सगळं झालं की सांगू.’’

मी ‘बरं’ म्हणाले. पोळ्यांचं पीठ भिजवत होते, भिजवत राहिले. पण त्या वाक्यासरशी नाकात डिझेल आणि ग्रीक बेटांवरच्या ओव्यासारख्या त्या रानटी पाल्याचा वास शिरला, आणि जर्मनीतल्या झुफेनहाउझेनच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची जमीन पायाखाली हलली. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं होतं. तेव्हाही ‘बरं’च म्हणाले होते.

तो जून तीन वर्षांपूर्वीचा. आई, माझ्या सासूबाई, तेव्हा दर उन्हाळ्यात तीन महिने पुण्याहून आमच्याकडे यायच्या. सासरे गेल्यापासूनची ती पद्धत. येताना भाजणी, मेतकूट, लाडू आणि हेमंतने पाचवीत काढलेल्या एखाद्या चित्राची गुंडाळी घेऊन यायच्या. इथे आल्यावर आमचं घर हळूहळू आपल्या ताब्यात घ्यायच्या. मला ते आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. चिडचिड मात्र वेळच्या वेळी सांगितली.

बोट हे हेमंतचं खूळ. ज्याने लहानपणी खडकवासल्यापलीकडे पाणी पाहिलं नाही, तो इथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लागला आणि सहकाऱ्यांच्या नादाने बोडनझेच्या तळ्यावर शीड उभारायला शिकला. दोन परीक्षा दिल्या. घरात महिनाभर दोरांच्या गाठी. सोफ्याच्या पायाला गाठ, दाराच्या मुठीला गाठ, एकदा तर माझ्या ओढणीला. मग एक दिवस त्याने जाहीर केलं की आपण चौघं ग्रीसला आठवडाभर आपली आपण बोट चालवणार. तो, मी, आई आणि आमची रेवा, जी तेव्हा तेरा वर्षांची होती. एक कागद मात्र माझ्या सहीचा होता. बोटीवर चालवणाऱ्याखेरीज आणखी एक जाणतं माणूस हवं, आणि त्याने आपण जाणते आहोत असं लिहून द्यायचं. मला पोहतादेखील येत नाही. मी कमरेइतक्या पाण्यात किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहणारी बाई आहे.

‘‘आल्झो, हे बघ, ही नुसती फॉर्मालिटी आहे, मेधा,’’ हेमंत म्हणाला. मी सही केली. त्या प्रवासातलं पहिलं खोटं माझंच, निळ्या शाईतलं.

बोट फोटोत मोठी दिसते. आत तीन खोल्या, म्हणजे तीन गाद्या आणि त्यांना चिकटवलेली दारं. कुशीवर वळायचं तर आधी बसून विचार करावा लागे. भिंती पातळ लाकडाच्या, एका खोलीत उसासा टाकला की दुसऱ्या खोलीतून ‘काय झालं?’ येणार. संडासात पाणी सोडायला हापसा, गावाकडच्या विहिरीवर असतो तसाच, पण हातभर लांबीचा. वीस वेळा हापसायचं आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकायचा. आईंना मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट भयंकर आवडली. तिथली शेगडी दोन खिळ्यांवर टांगलेली होती आणि बोट कलली की शेगडी झोका घेऊन सरळ राहायची. ‘‘अगं, चहा सांडतच नाही!’’ असं म्हणत त्यांनी दिवसातून पाच वेळा चहा केला.

आणि त्या हसल्या. रविवारी दुपारी वारा भरला, बोट एका कुशीवर झाली आणि लाडवांचा डबा आतल्या फळीवरून सुटून गडगडत या टोकाचा त्या टोकाला गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. आई खांबाला धरून बसलेल्या. आधी घाबरल्या, मग हसायला लागल्या आणि थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडाला. सासरे गेल्यापासून चार वर्षांत मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं. हेमंत चाक धरून उभा होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जसं काही त्याने हे सगळं केवळ एवढ्यासाठीच केलं असावं.

आईंची एक थोरली बहीण होती, अक्का. मिरजेला मुलाकडे असायच्या. या दोघी बहिणी रोज सकाळी साडेदहाला फोनवर बोलायच्या, आई जगात कुठेही असल्या तरी मिरजेचे साडेदहा. विषय ठरलेले. गुडघे, भाजी, कोणाचं लग्न, कोणाच्या सुनेने काय केलं. त्या सुनांमध्ये मीही असणार. निघायच्या रविवारी सकाळी अक्कांनी फोनवर सांगितलं होतं, फोटो बिटो पाठवू नकोस, मला त्या मोबाइलात काही दिसत नाही. पाणी कसं दिसतं ते नीट बघून ठेव आणि मला तोंडाने सांग.

झालं. त्या दिवसापासून आई पाण्याला रंग शोधायला लागल्या. मोरपिशी म्हणावं तर हिरवट कमी आहे. जांभळा नाही, निळा नाही. शेवटी त्यांना सापडलं. ‘‘चिंतामणी! अक्काच्या त्या इरकलीसारखा. तिच्या डोहाळजेवणाची साडी. हे तिला बरोब्बर कळेल.’’

सोमवारी सकाळी मेगानिसी नावाच्या बेटाच्या धक्क्याला आमची बोट लागलेली होती. मी पाव आणायला उतरले. बेकरीच्या दारात फोन वाजला. अक्कांचा मुलगा, विनायकदादा. अक्का पहाटे गेल्या, झोपेतच. त्यांचा आवाज कोरडा होता, मागे बायकांचं रडणं.

‘‘मावशीला आत्ता नको सांगूस, मेधा. तिचं बीपी, त्यात तुम्ही पाण्यात. ती येऊन पोचणार तरी कशी? अकराला नेतोय आम्ही. तुम्ही जर्मनीत घरी पोचलात की शांतपणे सांगा.’’

‘‘बरं दादा,’’ मी म्हणाले.

रोजच्या फोनला अर्धा तास उरला होता. हातातला पाव गरम होता. मी धक्क्यावरून चालत आले तेव्हा आई मागच्या बाकावर बसून वेणी घालत होत्या आणि मला बघून त्यांनी कंगव्यानेच हात केला. हेमंत पुढे नांगरापाशी होता. मी त्याच्याकडे गेले, वाकले आणि त्याला जर्मनमध्ये सांगितलं.

आम्ही दोघं आपापसांत जर्मन कधीच बोलत नाही. बोललो तर दोघांनाही नाटकात असल्यासारखं वाटतं. पण आईंना ते येत नव्हतं, म्हणून त्या वेळी तीच भाषा जवळची वाटली. हेमंत दोरावरचा हात न काढता ऐकत राहिला. अक्कांच्या मांडीवर तो अर्धा वाढलेला. मग त्यानेही जर्मनमध्येच सांगितलं की आईला आत्ता नको, घरी गेल्यावर सांगू. आम्ही व्याकरणाच्या चुका करत, हळू आवाजात, सगळं ठरवून टाकलं. आमच्या मागेच, केबिनच्या टपावर पालथी पडून रेवा पुस्तक वाचत होती. आम्हा दोघांनाही एवढं सुचलं नाही की घरात ज्या एका माणसाची ती खरी भाषा आहे, ते माणूस हातभर अंतरावर आहे.

बातमी ऐकल्यावर ऐकणाऱ्याने आंघोळ करायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण अंगाला माहीत होतं. पाव तसाच ठेवला आणि बोटीच्या मागच्या पायरीवर, जिथे पाय धुवायचा एक नळ असतो, तिथे बसून मी कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं. हेमंत तर सरळ समुद्रात उडी मारून आला, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण बाईने अवेळी केस भिजवलेले आईंच्या नजरेतून सुटणार थोडेच?

‘‘अगं, आज काय मध्येच केसांवरून?’’ त्यांनी विचारलं. कंगवा थांबला होता.

‘‘मीठ बसलंय, आई. खाज येत होती.’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘नीट पुसून घे. वारा आहे.’’

आणि मग साडेदहा वाजले, मिरजेचे. आईंचा फोन भारतातला, त्याला इंटरनेट हेमंतच्या फोनवरून मिळायचं. हेमंतने ते बंद केलं. ‘‘रेंज नाही, आई.’’ तासाभराने पुन्हा. ‘‘इथे डोंगर आड येतोय.’’ दुपारी आईंनी हट्टाने फोन त्याच्या हातात दिला तेव्हा तो म्हणाला की खाऱ्या हवेने फोन बिघडेल, आणि पाणी न शिरणाऱ्या पिवळ्या पिशवीत घालून तो आमच्या खोलीत ठेवला. संध्याकाळी मी ती पिशवी उघडली आणि मिनिटभर हेमंतच्या फोनवरचं इंटरनेट जोडून पाहिलं. पडद्यावर अक्का होत्या, फोटोला हार घातलेल्या, खाली ओळीने हात जोडलेले. मी पिशवीचं तोंड तीनदा दुमडून बंद केलं.

खरं तर प्रत्येक बेटावर रेंज होती, चारही दांड्या भरून. आईंना ते दिसत होतंच. इथाकाला एका खानावळीत समोरची बाई व्हिडिओवर कोणाला तरी ओरडत होती, तेव्हा आई म्हणाल्या, ‘‘त्या बाईला बरी मिळतेय रेंज.’’

‘‘तिचं ग्रीक कार्ड आहे, आई,’’ हेमंत म्हणाला. इतका सरळमार्गी माणूस, इथल्या कराच्या फॉर्मात सायकलचा पंपसुद्धा खरा लिहिणारा. मी त्याच्या ताटातल्या काकडीकडे बघत राहिले.

मी घरात कोणाशी भांडले की दूध आणायला जाते. दूध असलं तरी जाते. रस्त्याच्या टोकाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन आलं की निम्मा राग उतरतो. बोटीवर दूध आणायला जाता येत नाही, हे मला त्या आठवड्यात समजलं. चार पावलं पुढे, चार पावलं मागे, आणि दोन्ही टोकांना आई. सकाळी पाणी इतकं स्वच्छ की वीस हात खालची साखळी दिसे, आणि मी त्यात बघून मनाशी म्हणे, एवढं सगळं दिसतंय, आणि एवढी एक गोष्ट या बाईला दिसू नये? रडू आलं की जागा एकच होती. संडासात जाऊन मी दोन मिनिटं तोंडावर टॉवेल धरायचे आणि मग बाहेरच्यांना खरं वाटावं म्हणून वीस वेळा हापसायचे. ‘‘मेधाचं पोट बिघडलंय,’’ असं आईंनी ठरवलं आणि मला दोन दिवस ओव्याचं पाणी दिलं. मी ते प्यायले.

रेवाने मंगळवारी मला गाठलं. मी एकटी पुढे बसले होते. ती आली, गुडघे छातीशी घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘इअर ल्यूग्ट आजी आन.’’ तुम्ही आजीशी खोटं बोलताय.

मी तिला मराठीत सांगायला लागले. की आजीचं बीपी, की मोठ्या माणसांचं असं काही असतं, काही गोष्टी वेळ बघून सांगायच्या असतात. ती ऐकत होती. मग तिने जर्मनमध्येच विचारलं, ‘‘मग आजी मोठी नाहीये का?’’

तिला दटावून गप्प करणं सोपं होतं, आणि मी तेच केलं. तिने सांगितलं मात्र नाही. आईबापाचं खोटं पोटात घालून ती पोर उरलेले दिवस आजीला चिकटून राहिली. जी एरवी आजीच्या चार प्रश्नांना एक ‘या’, म्हणजे जर्मन ‘हो’, म्हणून मोकळी व्हायची, ती त्या आठवड्यात मोडक्यातोडक्या मराठीत आजीशी बोलत होती. आजीला वर चढताना हात देत होती. आईंना वाटलं समुद्राचा गुण. मला अभिमान वाटायला हवा होता, पण तिची पाठ दिसली तरी मी दुसरीकडे बघायचे.

सगळा दोष विनायकदादांवर किंवा हेमंतवर टाकायची सोय आहे, मी बऱ्याचदा तसं केलंय. बीपीचं कारणही काही खोटं नव्हतं. पण खरं बोलायचं तर आणखी एक कारण होतं. मला ती सुट्टी हवी होती. वर्षभर त्या करड्या आभाळाखाली बसून मी तो एक आठवडा मागितला होता. आईंना सांगितलं असतं तर तो आठवडा संपला असता, एक रडणारी म्हातारी घेऊन आम्ही पाण्यावर अडकलो असतो. सांगितलं नाही म्हणून हसणारी म्हातारी घेऊन अडकलो. हे दुसरं किती जड आहे ते मला माहीत नव्हतं.

कारण त्या हसतच होत्या. एकदा हसू सुटलं ते आठवडाभर आवरलं नाही. कोणीतरी दोरीवर आठ पायांचे ते मासे वाळत घातले होते, तर म्हणे, ‘‘बघ, कुरडया!’’ हेमंतने धक्क्याला लागताना फेकलेला दोर तीनदा पाण्यात पडला आणि शेजारच्या बोटीवरचे एक जर्मन आजोबा त्याला सूचना द्यायला लागले, तेव्हा आईंनी हसून हसून बाक धरला. आम्ही त्यांच्याबरोबर हसायचो. न हसून चालण्यासारखं नव्हतं. प्रत्येक हसण्यानंतर त्या डोळे पुसत म्हणायच्या, ‘‘हे अक्काला सांगायलाच हवं.’’

शुक्रवारी दुपारी आम्ही परत निघालो होतो. वारा पाठीमागून, म्हणून बोट शांत. हेमंत चाकाशी होता, रेवा खाली झोपली होती. आई माझ्या शेजारी येऊन बसल्या, मांडी घालून, जप करायला बसावं तशा.

‘‘ऐक हं. उद्या फोन लागला की असं सांगते,’’ त्या म्हणाल्या आणि सुरू झाल्या. शेगडीचं, डब्याचं, कुरडयांचं, कुठल्या बेटावर बोकड कसा देवळाच्या पायरीवर बसला होता, पिस्त्याचं आइस्क्रीम कसं खरंच पिस्त्याचं होतं. पाणी सकाळी चिंतामणी, दुपारी नुसतं चकाकतं, ऊन कललं की धुवट होतं. मधूनमधून थांबून त्या क्रम बदलायच्या, कारण अक्का कुठे काय विचारेल ते त्यांना ठाऊक होतं. अक्काचे प्रश्नही त्यांनीच विचारले आणि उत्तरंही दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे ना गं? काही राहिलं का?’’

हेमंतने चाकावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘‘नाही आई. सगळं आलं.’’

रविवारी सकाळी, झुफेनहाउझेनच्या घरात, हेमंतने सांगितलं. इथे रविवार असा शांत असतो की वरच्या मजल्यावरचा चमचा पडलेला ऐकू येतो. आईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या रडतील म्हणून मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. बीपीची गोळी माझ्या मुठीत होती.

‘‘कधी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सोमवारी पहाटे,’’ हेमंत म्हणाला. ‘‘त्रास नाही झाला तिला, आई.’’

त्यांनी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, असं रविवारपर्यंत आल्या. ‘‘सोमवारी मी काय करत होते?’’

रेवा दारात उभी होती. तिने मराठीत सांगितलं, ‘‘तू आइस्क्रीम खाल्लंस, आजी. दोन वेळा.’’

आईंनी मान हलवली, तिच्या उत्तराची पोच दिल्यासारखी. मग मला म्हणाल्या, ‘‘मी तुला विचारलं होतं, मेधा. केसांवरून का म्हणून. तोंडावर विचारलं होतं.’’

‘‘हो, आई.’’

‘‘मी हसत होते, आणि तुम्ही दोघं बघत होतात.’’

एवढंच. आवाज चढला नाही. त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या, आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. ओल्या केसांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तिकीट बदलून मागितलं. दहाव्याला मिरजेला पोचायचं होतं. मंगळवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. सामान तपासून झाल्यावर त्या ‘येते’ म्हणाल्या, कारण तसंच म्हणतात.

त्यानंतर त्या इथे आल्या नाहीत. आधी गुडघे, मग सोसायटीचं काम, मग ‘बघू’. दर रविवारी फोन असतो. रेवाशी बराच वेळ बोलतात, हेमंतशी थोडं, माझ्याशी पदार्थांपुरतं. माझ्यावर रागावल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते, कसंही करून मिटवलं असतं. पण त्या अगदी नीट वागतात. फक्त फोन ठेवण्याआधी दर वेळी एक वाक्य विचारतात, ‘‘बाकी काही नाही ना?’’ आणि उत्तर आल्यावरही दोन क्षण फोन कानाशी धरून ठेवतात. तेवढ्या वेळात त्या काय ऐकतात ते मला माहीत आहे. माझा आवाज तपासतात.

पत्र आल्यापासून दोन रविवार गेले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, ‘‘नाही आई, बाकी काही नाही.’’ दुसऱ्या वेळी रेवा समोर बसली होती. आता सोळाची आहे, माझ्याएवढी उंच. तिने वहीतून मान वर केली नाही. ऑपरेशनला तीन आठवडे आहेत, घर भलं मोठं आहे, दाराबाहेर रस्ता आहे, दुधाचं दुकान आहे. मी रोज दूध आणतेय. फ्रीजमध्ये जागा उरली नाही.

हेमंतचं म्हणणं मला कळतं. त्याला आई घाबरायला नको आहे. त्याहून जास्त, आईच्या आवाजातली भीती त्याला स्वतःला ऐकायची नाहीये, कारण मग त्याची त्याला ऐकू येईल. तो जिना चढताना मध्ये थांबतो आणि किल्ल्या शोधल्यासारखं करतो. हे मी आणखी कोणाला सांगू? या जगात त्याच्या छातीवर माझ्याइतका हक्क असलेलं एकच माणूस आहे आणि ते पुण्यात बसून कुणाकडून तरी खरं ऐकायची वाट बघतंय.

काल शनिवार होता. हेमंत डॉक्टरांनी सांगितलेलं सावकाश चालणं चालायला गेला होता. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मी पुन्हा ‘बरं’ म्हणाले असते, ती सवय माझ्या तोंडात आहे. खिडकीबाहेर तोच पाऊस की धुकं. मी हात धुतले, पुसले, आणि पुण्याला फोन लावला.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. शनिवारचा फोन म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

‘‘आई,’’ मी म्हणाले, ‘‘एक सांगायचंय. हेमंतबद्दल आहे. तुम्ही आधी जरा बसता का?’’

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी उभी आहे. सांग.’’